सुट्टीत कोणत्या बेटावर जाल?

समजा, यंदा तुमच्या घरी ठरले की मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या बेटावर जायचे. अंदमान की लक्षद्वीप? वर्गात हा प्रश्न टाकला तर निम्मे हात इकडे, निम्मे तिकडे वर होतील. पण भाईंदरच्या एखाद्या मुलाने "सर, मी तर बेटावरच राहतो" असे उत्तर दिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील!

नकाशा काढून पाहा. भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. ठाण्याजवळ उल्हास नदीला एक फाटा फुटतो आणि तो ठाण्याच्या खाडीला जाऊन मिळतो. दक्षिणेला माहीमची खाडी. या पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे साष्टी बेट. लोकल भाईंदर सोडून नायगावकडे निघाली की ती बेटावरून मुख्य भूमीवर जात असते. वाटेत दोन पुलांच्या मध्ये लागते ते पाणजू, आणखी एक बेट. उत्तन-डोंगरीच्या भागालाही धारावी बेट म्हणत. आज भाईंदरहून बसने तिकडे जाताना ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मग बेट निवडावे कसे? हॉटेल पाहून निवडणारे पुष्कळ आहेत. आपण वेगळा प्रश्न विचारू: ते बेट जन्मले कसे?

साष्टी जन्मली ती समुद्र चढल्यामुळे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते. पृथ्वीवरचे बरेचसे पाणी बर्फात अडकले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा आपले डोंगर मुख्य भूमीचाच भाग होते. पुढे बर्फ वितळले, पाणी सखल भागांत शिरले, खाड्या झाल्या. म्हणून साष्टीचा खडक सह्याद्रीसारखाच, लाव्हारसाचा.

अंदमानचे तसे नाही. तेथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आहे. त्या रेट्याने समुद्रतळ उचलला गेला आणि डोंगर वर आले. सॅडल पीक हे शिखर ७३२ मीटर उंच आहे. बॅरन बेटावर तर जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घकाळ झोपलेला हा डोंगर १९९१ मध्ये पुन्हा धुमसू लागला.

आणि लक्षद्वीप? ते प्रवाळांनी बांधले. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडले की, समुद्रातील डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेचे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात; शेवटी डोंगर दिसेनासा होतो आणि प्रवाळांचे कडे तेवढे उरते. त्या कड्यावर साचलेली वाळू म्हणजे ही बेटे. उंची अवघी काही मीटर. तेथे ना डोंगर, ना नदी, ना ओढा.

मग तेथील लोक पाणी कोठले पितात? विहिरीचे! भोवती खारा समुद्र आणि विहिरीत गोडे पाणी, हे कसे? पावसाचे पाणी वाळूत मुरते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून जमिनीखाली त्यावर तरंगत राहते. या थराचा आकार भिंगासारखा असतो. गोड्या पाण्याची घनता १ धरली तर समुद्राच्या पाण्याची १.०२५. फरक ०.०२५. आता १ ला ०.०२५ ने भागा. उत्तर ४०. म्हणजे गोडे पाणी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर असू शकते. ऐकून बरे वाटते, पण हिशेब उलटाही चालतो. उपशाने वरची पातळी १० सेंटिमीटर घटली, की कालांतराने खालून खारे पाणी ४ मीटर वर सरकते. प्रत्यक्षात तर हे भिंग पुष्कळदा फार पातळ असते. पाहुण्याने केलेली लांबलचक अंघोळ त्यातूनच वजा होते. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र सुरू झाले, ते या ओढीमुळेच. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ होते आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ थंड करतात.

महिनाही पाहा. नैर्ऋत्य मोसमी वारे अंदमानात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतात. मुंबईत ते जूनमध्ये येतात. तेव्हा मेअखेरीस अंदमानला निघालात तर छत्री हवीच. लक्षद्वीपला जायचे तर परवाना लागतो. माझे मत विचाराल तर परीक्षा संपताच लक्षद्वीप गाठावे, कारण बेट बांधणारे गवंडी तेथे जिवंत पाहायला मिळतात. मात्र समुद्र फार तापला तर हे प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ मध्ये तेथे असे मोठ्या प्रमाणावर घडले.

तिकिटे मिळेपर्यंत घरी हे करून पाहा. पाव लिटर पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ विरघळवा. काचेचा ग्लास त्याने अर्धा भरा. साध्या पाण्यात खाण्याचा रंग घालून ते चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू वर सोडा. रंगीत थर वर तरंगेल. आता त्या थरात नळी बुडवून घोट घोट ओढा. आधी गोडे पाणी येईल. खारट चव कितव्या घोटाला लागते, ते वहीत लिहून ठेवा.