तिजोरी शाबूत, पैसे गायब

सीईटीचा निकाल लागला की बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरकडे पालकांची वर्दळ वाढते. १९८३ साली सुरू झालेलं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी तिथेच आहे. हल्ली पालकांचा एक प्रश्न हमखास असतो: साधं कॉम्प घ्यावं की सायबर सिक्युरिटी? प्रवेशाच्या यादीत तर एका शाखेचं अधिकृत नाव आहे ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग (इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी)’. हे नाव गुणपत्रिकेवर मावतं कसं, हाच एक संशोधनाचा विषय आहे!

या शाखेत शिकायचं तरी काय, हे माहितीपत्रकापेक्षा पुण्यातल्याच एका प्रकरणातून चांगलं कळतं.

११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँका बंद. त्या दिवशी १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट व्हिसा कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून १२ हजारांवर व्यवहार झाले आणि काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. त्याच दिवशी कोल्हापुरासह देशातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

आकडे डोळे दिपवतात, पण खरी गंमत युक्तीत आहे. एटीएममध्ये कार्ड सरकवलं की विचारणा व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या ‘स्विच’कडे येते. स्विच ती कोअर बँकिंगकडे नेतो: खातं आहे का, शिल्लक आहे का? तिकडून होकार आला की यंत्र नोटा मोजतं. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात मालवेअर घुसवून खऱ्या स्विचशेजारी दुसराच स्विच उभा केला. पूर्वीच्या बँकेत शिपाई चेक घेऊन आतल्या साहेबांकडे जायचा आणि सही घेऊन यायचा. समजा, त्याच्या जागी तोतया शिपाई आला. तो आत जातच नाही. बोळात थांबतो, स्वतःच सही ठोकतो आणि परत येतो. रोखपाल निमूटपणे पैसे देतो. आत साहेबांच्या लेजरला याचा पत्ताच नसतो!

म्हणूनच ‘आमची कोअर बँकिंग यंत्रणा सुरक्षित आहे, ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही’ हे बँकेचं तेव्हाचं म्हणणं विचित्र वाटलं तरी विसंगत नव्हतं. तिजोरी फोडायची गरजच पडली नाही. सिनेमातल्यासारखं कोणी हूडी घालून अंधारात जगातलं अवघड कूट सोडवलं नाही. व्हिसाच्या जाळ्याने ‘होकार बँकेकडून आला, म्हणजे बँकेचाच’ असं मानलं होतं, त्या गृहीतकाचा फायदा घेतला गेला. सुरक्षाशास्त्राचा निम्मा भाग या एका प्रश्नात आहे: हे उत्तर नक्की कोणी दिलं?

उरलेला निम्मा भाग गुप्ततेचा, आणि इथे विषयांतराचा मोह मला आवरत नाही. महानुभाव पंथाने आपले मराठी ग्रंथ शतकानुशतकं सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह, अशी मूळ कल्पना. किल्ली पंथातल्या जाणत्यांकडे. मराठी गद्याचा आद्य ठेवा त्यामुळे विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना जवळजवळ अज्ञात राहिला. मग वि. का. राजवाड्यांनी यातल्या सकळ लिपीची उकल केली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापणारे हेच ते राजवाडे. त्यांना आपण इतिहासाचार्य म्हणतो, पण संकेतभेद करणारा माणूस म्हणून त्यांचं नाव संगणकाच्या वर्गात सहसा घेतलं जात नाही. मला तर पहिल्या तासाला त्यांचंच नाव घ्यावंसं वाटतं.

कारण अशी लिपी फुटते ती भाषेच्या सवयींमुळे. अक्षरं बदलली तरी त्यांचं प्रमाण बदलत नाही, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवलं होतं. शिवाय लीळाचरित्रासारख्या ग्रंथात पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्यासाठी ‘सर्वज्ञ’ हा शब्द आणि त्यापाठोपाठ ‘म्हणाले’ अशा अर्थाचं क्रियापद पानोपानी येतं. अंदाजाने ओळखता येणारा असा एक शब्द सापडला की बाकीची अक्षरं आपोआप सुटू लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा एनिग्मा फोडणाऱ्यांनी हवामानाच्या ठरावीक साच्याच्या संदेशांचा असाच उपयोग केला. त्याच्या कितीतरी आधी, १८८३ मध्येच, ऑग्युस्त केर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञाने अशा फुटणाऱ्या लिप्यांचा धडा नियम म्हणून मांडला होता: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, फक्त किल्ली पडता कामा नये. १९७७ मधली आरएसए पद्धत अख्ख्या जगाला ठाऊक आहे, तरी चालते ती याच तत्त्वावर.

आता शाखेच्या प्रश्नाकडे. कॉसमॉसचं प्रकरण विद्यार्थ्यापुढे ठेवलं तर काय काय लागेल? मालवेअर यंत्रात टिकून कसं राहिलं, यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम. एका यंत्रातून स्विचपर्यंत आणि तिथून स्विफ्टपर्यंत वाट कशी मिळाली, यासाठी नेटवर्क. संदेशावर खऱ्या स्विचचीच मोहोर आहे हे सिद्ध करायला गणिती कूटलेखन. पण मोहोरेची किल्ली त्याच बाधित यंत्रावर असेल तर ती मोहोरही कुचकामी! आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा विषय सर्वांत कंटाळवाणा आहे: डेटाबेस. बाहेर ‘होकार’ जात होते आणि आत त्यांच्या नोंदी नव्हत्या. दोन्हींचा मेळ दिवसाअखेरीऐवजी दर मिनिटाला घातला असता, तर पहिल्या काही मिनिटांत घंटा वाजली असती. त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज नव्हती. दुसऱ्या वर्षाला शिकवतात तसा एक साधा प्रश्न डेटाबेसला विचारला असता तरी पुरलं असतं.

म्हणूनच ‘तीन महिन्यांत एथिकल हॅकर व्हा’ अशा जाहिराती पाहिल्या की हसू येतं. तीन महिन्यांत हत्यारं चालवता येतात. पण यंत्रणा काय गृहीत धरून चालली आहे, हे ओळखायला ती कशी बांधतात हे आधी शिकावं लागतं. हत्यारं हाती आली की कायद्याचाही विसर पडतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली दुसऱ्याच्या संगणकात गैरहेतूने परवानगीशिवाय शिरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘सर, मी फक्त बघत होतो’ हा बचाव प्रयोगशाळेत चालत असेल, पोलीस ठाण्यात तो कठीण जातो.

तेव्हा पालकांनो, शाखेच्या नावावर अडू नका. कॉलेजात गेलात की दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागा. ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आणि गणित पूर्ण वजनाने आहेत का, प्रत्यक्ष हल्ला करून पाहायला आणि तो परतवायला वेगळी बंदिस्त प्रयोगशाळा आहे का, एवढं विचारा. दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली तर साधं कॉम्पही सायबर सिक्युरिटीच आहे. ‘नाही’ आली, तर कंसातलं नाव कितीही लांब असो, प्रवेश घेऊ नका.