मेमरी सीट आणि बाजूचे आरसे : बिघाड नेमका कुठे असतो

भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ मानले जाते, आणि अंगारकी चतुर्थीला तेथे भाविकांची व वाहनांची मोठी गर्दी होते. त्या गर्दीत आता अशाही मोटारी दिसतात, ज्यांत चालकाची सीट व बाजूचे आरसे विजेवर हलतात आणि त्यांची ठरवून दिलेली जागा गाडी लक्षात ठेवते. या सोयीला बोलताना ‘मेमरी सीट’ म्हणतात. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लागणाऱ्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जाऊ लागल्या आणि तेथील सुपर्बमध्ये ही सोय होती. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या श्रेणीतही २०२१ पासून ती आली. एकच गाडी वडील, मुलगा, सून आणि पगारी चालक आळीपाळीने चालवतात अशा घरांत हिचा उपयोग खरा आहे, कारण सीट चुकीच्या अंतरावर असेल तर ब्रेकवर पाय पुरा दाबला जात नाही आणि आरसा चुकीच्या कोनात असेल तर मागून येणारी दुचाकी दिसत नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १९५७ सालीच कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोहॅममध्ये जागा लक्षात ठेवणारी सीट बसवण्यात आली होती. आजच्या गाड्यांत पुढे-मागे सरकणे, वर-खाली होणे आणि पाठ कलणे या प्रत्येक हालचालीला स्वतंत्र मोटर असते आणि बहुतेक रचनांत त्या मोटरजवळ हॉल सेन्सर, म्हणजे फिरत्या चुंबकाची चाहूल घेणारा छोटा संवेदक, बसवलेला असतो. मोटर फिरली की त्यातून विजेचे ठोके निघतात आणि सीटखालचा नियंत्रक, ज्याला कारागीर ‘मॉड्यूल’ म्हणतात, ते मोजत राहतो. सीट प्रत्यक्षात कुठे आहे हे नियंत्रकाला दिसत नसते. एका ठरलेल्या टोकापासून किती ठोके पडले एवढेच त्याला ठाऊक असते, आणि ही मोजणी ज्या टोकापासून सुरू होते ते त्याचे शून्य. मेमरी सीटच्या पुष्कळ तक्रारींमध्ये मोटर, गिअर, वायर सारे धड असते आणि फक्त हे शून्य हरवलेले असते, म्हणून खर्चिक भाग बदलण्याआधी शून्य पुन्हा शिकवून पाहणे हाच शहाणपणाचा क्रम ठरतो.

शून्य हरवण्याचे नेहमीचे निमित्त म्हणजे बॅटरी. ती काढून नवी बसवली, पूर्ण उतरली किंवा दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करावी लागली की काही गाड्यांतील मोजणी पुसली जाते. मग बटण दाबल्यावर सीट हलत नाही, अर्ध्यात थांबते किंवा भलत्याच जागी जाते. उभ्या गाडीत चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, तो बराच खाली आला असेल तर प्रथम बॅटरीचा बंदोबस्त करावा. त्यानंतर गाडी उभी ठेवून, इग्निशन चालू करून, सीट हाताच्या स्विचने प्रत्येक दिशेला अगदी टोकापर्यंत न्यावी आणि टोकाला पोहोचल्यावरही स्विच काही सेकंद दाबून धरावा. अनेक गाड्यांत एवढ्याने नियंत्रकाला टोके पुन्हा कळतात. नेमका क्रम कंपनीगणिक बदलत असल्यामुळे मालकपुस्तिका पाहणे टाळू नये.

दुसरे कारण सीटखालची अडगळ हे आहे. घरंगळत गेलेली पाण्याची बाटली किंवा पूजेच्या पिशवीतून निसटलेला नारळ सीटच्या पट्टीत अडकला की मोटरवर ताण येऊन ती जास्त वीज ओढते, आणि काही नियंत्रक त्या ताणालाच टोक समजून थांबतात. मराठवाड्यातील काळ्या मातीची बारीक धूळ पट्टीवरच्या ग्रीसमध्ये मिसळली की हाच परिणाम हळूहळू होतो.

सीट आपोआप दुसऱ्याच्या मापावर जाते, ही तक्रार तर बहुधा बिघाडाची नसतेच. ज्या गाड्यांत प्रत्येक किल्लीशी वेगळी नोंद जोडलेली असते, तेथे घरातल्या दोन किल्ल्यांची अदलाबदल झाली की गाडी किल्लीला ओळखते, माणसाला नाही.

आरशांचा विषय अधिक नाजूक आहे. काचेमागे दोन लहान मोटरी असतात, एक वर-खाली व दुसरी डावी-उजवीकडे हलवणारी. मेमरी असलेल्या आरशात यांच्या जोडीला बहुधा पोटेन्शिओमीटर, म्हणजे कोनाप्रमाणे बदलणारा विजेचा दाब कळवणारा भाग, असतो. आरसा फुटल्यावर बाजारातून स्वस्तात घेतलेला आरसा हुबेहूब बसतो, स्विचने हलतोही, परंतु त्यात हा भाग नसेल तर मेमरी मात्र काम करत नाही, आणि ग्राहक विनाकारण सीटच्या नियंत्रकावर संशय घेतो. आरसा घेताना जुन्या व नव्या कनेक्टरमधील पिनांची संख्या ताडून पाहिली तर ही फसगत जागीच टळते. रिव्हर्स गिअर टाकल्यावर डावीकडचा आरसा फुटपाथ दिसावा म्हणून खाली झुकतो, ही सोय बंद पडल्याचीही तक्रार येते. कित्येक गाड्यांत आरसा निवडण्याची कळ डाव्या बाजूला वळवलेली असेल तरच ती चालते, तेव्हा आधी कळ पाहावी.

गर्दीत, विशेषतः जत्रेच्या अरुंद वाटेवर, येणारे-जाणारे लोक आरसे हाताने दुमडतात. विजेवर मिटणाऱ्या आरशाची पकड त्यामुळे मोटरपासून सुटते व आरसा वाऱ्याने हलू लागतो. अशा वेळी हाताने जोर न लावता बटणाने आरसा पूर्ण मिटवून पुन्हा उघडावा. पकड जागेवर बसल्याचा ‘खट्’ असा आवाज येतो.

सीट आणि आरसे स्विचनेही हलत नसतील तर मात्र फ्यूज तपासावा लागतो, आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते. सीटखालच्या वायरिंगला हात घालण्यापूर्वी आणखी एक धोका माहीत हवा: तेथील पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. इग्निशन चालू असताना ते काढल्यास एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि चुकीच्या हाताळणीने एअरबॅग उघडण्याचाही संभव असतो; हे काम स्कॅनर असलेल्या जाणत्या कारागिराकडेच द्यावे. काम झाल्यावर नोंद करताना सीट आधी व आरसे नंतर लावावेत, कारण सीट हलली की डोळ्यांची उंची बदलते. त्यानंतर ‘सेट’ दाबून लगेच क्रमांकाचे बटण दाबावे, आणि घरातील दुसऱ्या चालकाने आपली नोंद त्याच्या स्वतःच्या किल्लीने करावी.