लोडरच्या कमरेपाशी

पाड्यावरचा मुलगा लोडरवर मदतनीस म्हणून लागला, तर त्याला हे आधी समजावून सांगा.

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो, मागे राख उरते. असा माल उचलणारा चाकांचा लोडर मोटारीसारखा पुढची चाके फिरवून वळत नाही. तो मधल्या सांध्यात, कमरेतच वाकतो. ग्रीस भरायला मदतनीस नेमका तिथे शिरतो. स्टिअरिंग हलले की माणूस दोन्ही भागांत चिरडतो. म्हणून आधी बकेट जमिनीला टेकवावी, हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे, सांधा अडवणारा लोखंडी दांडा बसवावा. आणि चावी? ती ग्रीस भरणाऱ्याच्याच खिशात. ऑपरेटर कितीही जुना असो. राखेने रेडिएटरची जाळी बुजते, तीही इंजिन थंड झाल्यावरच साफ करावी.