खोलगट हाताचा आवाज

न्हावऱ्याहून निघून पारगावला भीमेचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो आणि केडगावकडे जाताना गुऱ्हाळांची धुराडी दिसायला लागतात. तसल्याच एका गुऱ्हाळात चुलवाणापुढे आबांची हयात गेली. मध्ये टीबी झाला. औषधं पुरी केली, बराही झाला. पण डाव्या फुप्फुसातल्या खालच्या श्वासनळ्या रुंदावल्या त्या कायमच्याच. तिथे कफ साठतो आणि आपण होऊन वर येत नाही. याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात.

शिरूरच्या फिजिओथेरपिस्ट ताई येतात त्या आबांच्या चहाआधी. पोट भरलेलं असलं की उलटी होते, म्हणून जेवणानंतर दीड-दोन तास कफ सोडवायचं हे काम करत नाहीत.

“आबा, उजव्या कुशीला वळा.”

कफाचा भाग वर आणि श्वासनळीचं तोंड खाली, म्हणजे कफ उताराला लागतो. फुप्फुसाच्या वरच्या भागासाठी रोग्याला बसवतात, खालच्यासाठी खाटेचा पायथा उचलतात. लंडनच्या डॉ. विल्यम इवार्ट यांनी या आजारावर असा उतार वापरल्याचं १९०१ मध्ये लिहिलं होतं. आबांचं ब्लडप्रेशर चढतं, म्हणून ताई खाट सपाटच ठेवतात. उतार कमी मिळतो, पण डोक्यावर ताण येत नाही.

मग थापटणं. सदरा अंगावरच राहू द्यायचा. बोटं जुळलेली, अंगठा चिकटलेला, तळवा खोलगट, मनगट सैल. ताई आबांच्या सुनेला शिकवतात तेव्हा तिच्या हाताकडे बघतसुद्धा नाहीत, नुसतं ऐकतात. ‘टप टप’ असा पोकळ आवाज आला तर ठीक. ‘फट्’ वाजलं की म्हणतात, “हात चपटा पडला गं, आबांना लागेल.” जोर लावायचाच नसतो, हे सुनेला पटायला वेळ लागला. कणा, छातीचं मधलं हाड आणि कमरेवरची मूत्रपिंडाची जागा सोडून तीन ते पाच मिनिटं थापटायचं. मग आबा श्वास सोडतात तेव्हा पंजा बरगड्यांवर टेकवून थरथरवायचा.

तरी बेडका लगेच सुटत नाही. आबांना खोकायची घाई, ताई थांबवतात. आधी दोन-तीन संथ श्वास, मग आरशावर वाफ सोडावी तसा तोंड उघडून ‘हाः’. दुसऱ्या-तिसऱ्या ‘हाः’ला घरघर वर सरकलेली ऐकू येते आणि मगच खोकला. बेडका झाकणाच्या डब्यात. त्याचा रंग आणि प्रमाण ताई न विसरता बघतात.

खोकला दिसला की पाठ थापटायला घ्यायची, ही आपल्याकडची सवय मात्र बरी नाही. साध्या न्यूमोनियात किंवा तान्ह्या बाळाच्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये अशा थापटण्याने विशेष फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. हा उपाय भरपूर कफ साठणाऱ्या छातीचा आहे, आणि तोही जाणत्या माणसाकडून शिकूनच करायचा. बरगडी मोडलेली असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर थापटू नका. बेडक्यात रक्त दिसलं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.