हेलिकॉप्टरच्या दारातला वायुसैनिक

चोपड्यात भरतीची तयारी करणाऱ्या मुलांकडून दोन गोष्टी ऐकू येतात : हवाई दलात गेलं की विमान उडवायला मिळतं, किंवा अधिकारी नसलेल्याला आकाश बंदच. दोन्ही खऱ्या नाहीत.

वायुसैनिकांतूनही (अधिकारीपदाखालचे जवान) उड्डाणाचे कर्मचारी निवडले जातात. फ्लाइट इंजिनिअर (उड्डाणात यंत्रणा सांभाळणारा), फ्लाइट गनर (शस्त्रं सांभाळणारा) वगैरे. एसटीचं स्टिअरिंग चालकाकडे, पण दार, प्रवासी आणि घंटी वाहकाकडे, तशीच ही वाटणी. पुरातून माणूस उचलताना वैमानिकाला हेलिकॉप्टरच्या पोटाखालचं दिसत नाही. दारात ओणवा झालेला सहकारीच ‘डावीकडे, अजून थोडं’ सांगत विंच (दोर ओढणारं यंत्र) चालवतो. जबाबदारी आणि धोका दोघांना सारखाच. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ कोसळलेल्या हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या चार कर्मचाऱ्यांपैकी दोघे ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, म्हणजे वायुसैनिकच होते.

मात्र ही निवड सेवेतल्या वायुसैनिकांमधून होते. आज प्रवेश मुख्यतः ‘अग्निवीर वायू’ म्हणून चार वर्षांसाठी. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. म्हणून केवळ उड्डाणाच्या आशेवर अर्ज करू नये, जमिनीवरचं कामही मनापासून आवडायला हवं. वैमानिकच व्हायचं असेल, तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ठेवून खडकवासल्याच्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षा द्यावी.