ऑर्किडचं फूल गळलं, भांडवल नाही

ऑर्किडची रोपं विकायची आहेत? मग आधी घरात दोन-चार जगवून दाखवा. मी पहिल्याच खेपेला 20 डेंड्रोबियम आणली, रोज पाणी घातलं आणि 13 कुजवली. पैसे गेले, पण धडा मिळाला.

डेंड्रोबियमला माती नको. कुंडीला भरपूर भोकं ठेवा. आत नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि लाकडी कोळसा भरा. मुळं पांढुरकी दिसली की सकाळी पाणी द्या, हिरवी असतील तर थांबा. कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको.

आता महत्त्वाचं. फुलं गळली, पानं झडली म्हणून डेंड्रोबियमचा जुना दांडा कापू नका. ती रोपाची शिल्लक आहे. त्याच साठ्यावर बुडातून नवा कोंब येतो. कधी दांड्याच्या पेरावर पिल्लूही फुटतं. त्याची मुळं दोन-तीन इंच झाली की स्वच्छ ब्लेडने काढून वेगळं लावा.

पण लगेच विकू नका. नवी मुळं, नवं पान दिसू द्या. घरी नेलेलं रोप मेलं, तर ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

एका कुंडीपासून सुरुवात करा, खर्च वहीत लिहा.