17 हजार सैनिक, पण हुकूम किती जणांवर?

लष्करात 34 वर्षांहून जास्त काळ, त्यात शांतिसेनेच्या 2 फेऱ्या आणि मग फोर्स कमांडरपद. मे 2019मध्ये लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांची दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब असा होता. 1983मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेले तिनईकर 1996-97मध्ये अंगोलात आणि 2008-09मध्ये सुदानमध्ये शांतिसेनेत काम करून आले होते. नेमणुकीआधी ते महूच्या इन्फन्ट्री स्कूलचे प्रमुख होते.

नव्या पदाचे आकडे भारदस्त होते. मंजूर बळ 17,000 सैनिक आणि 2,101 पोलिस. मोहिमेचा वर्षाचा खर्च सुमारे 1.2 अब्ज डॉलर. पण दक्षिण सुदानचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडं जास्त आहे. भागाकार केला, तर एका सैनिकाच्या वाट्याला सुमारे 37 चौरस किलोमीटर येतात. पावसाळ्यात तिथले बहुतेक रस्ते चिखलात बुडतात, मग हेलिकॉप्टर किंवा नाईल नदी एवढाच आधार उरतो.

दुसरा आकडा 1,428 डॉलरचा. 2018पासून संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे दरमहा एवढी रक्कम फौज पाठवणाऱ्या सरकारला देत होती. सैनिकाचा पगार, बढती आणि शिस्तभंगाची कारवाई मात्र त्याच्या स्वतःच्या देशाच्या हातात. फोर्स कमांडर मोहिमेचे हुकूम देतो, पण कोर्ट मार्शल करू शकत नाही. शिवाय त्याच्या डोक्यावर सरचिटणीसांचा मुलकी प्रतिनिधी असतो.

अधिकार तोकडे असले, तरी जबाबदारी पुरेपूर असते. जुलै 2016मध्ये राजधानी जुबात लढाई भडकली आणि शांतिसैनिक नागरिकांच्या मदतीला वेळेत धावले नाहीत. चौकशीनंतर नोव्हेंबरमध्ये तेव्हाचे फोर्स कमांडर, केनियाचे लेफ्टनंट जनरल ओंडिएकी यांना हटवण्यात आलं. त्यांना पदावर येऊन जेमतेम 6 महिने झाले होते. चिडलेल्या केनियानं आपले सुमारे 1,000 सैनिक माघारी बोलावले. एका हकालपट्टीपायी फौजेचा एवढा मोठा तुकडा कमी झाला.

तिनईकरांच्या काळात नाजूक काम होतं छावण्यांचं. शांतिसेनेच्या तळांलगत सुमारे 1,80,000 विस्थापित आश्रयाला होते. 2020पासून एकेक छावणी स्थानिक सरकारच्या ताब्यात देणं सुरू झालं. बोर, वाऊ, जुबा आणि बेंटिऊ इथलं हस्तांतर मार्च 2021पर्यंत उरकलं. मलाकाल तेवढं राहिलं. तळाच्या दारावरचा पहारा सुटला, की तेच सैनिक गस्तीला मोकळे होतात. 37 चौरस किलोमीटरच्या गणिताला एवढाच काय तो उतारा.

या कारकिर्दीची पायवाट पुण्याला परकी नाही. इथल्या औंधमध्ये लष्करी तळ आहे. तिथे मार्च 2016मध्ये 18 देशांच्या, तर मार्च 2019मध्ये भारत आणि 17 आफ्रिकी देशांच्या तुकड्यांनी शांतिसेनेच्या कामाचा एकत्र सराव केला. 2016मध्ये भारतीय तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होतं. त्याही काँगोतल्या मोहिमेत काम केलेल्या.

आजवर 2,90,000हून अधिक भारतीयांनी 50वर मोहिमांत भाग घेतला. सुमारे 180 जण परतले नाहीत. एवढं मोल देणाऱ्या देशाच्या जनरलला पद मिळालं, म्हणून हुरळून जाण्याआधी एक प्रश्न विचारावा: हाताखालच्या 17 हजारांपैकी किती जण त्याचा हुकूम मायदेशाला न विचारता पाळतील? त्याचं यश त्या उत्तरावर ठरतं.